शिवणारा कावळा

आईच्या दहाव्याला घाटावर पिंड मांडून झाले, तेव्हा कुंदाने थोरल्या भावाकडे, विलासकडे पाहिलं. आईचा जीव धाकट्या दिगूत अडकलाय, हे विलासला पक्कं ठाऊक होतं. चाळिशीच्या दिगूला अजून भरवावं लागे. त्याला कोण सांभाळणार, यावर विलास दहा दिवस गप्प होता. पण आज कावळा अडून बसेल आणि चारचौघांत विलासला शब्द द्यावाच लागेल, या भरवशावर कुंदा होती.

खरे कावळे उरले नव्हते. इथली द्राक्षं परदेशी जावीत म्हणून व्यापाराच्या करारात सगळ्या देशांचे नियम एक झाले आणि फळाला चोच लागू नये म्हणून द्राक्षपट्ट्यातली पाखरं संपवली गेली. दहाव्याला आता करारात बसणारा यंत्राचा कावळा येई. तो हुबेहूब वागतो, असं कुंदाने ऐकलं होतं.

पंचायतीच्या माणसाने पेटी उघडली. विलासने नुकते हात जोडले होते, तेवढ्यात कावळा उडाला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

"जरा थांबवता नसता का आला हो?" कुंदाने विचारलं.

"नाही, ताई. ठेवलं की शिवायचं, असंच ठरलंय. न शिवणारा कावळा कराराच्या तपासणीत नापास होतो."

विलासने जोडलेले हात सोडले. "बघ, लगेच शिवला," तो म्हणाला. "आईचं काहीच राहिलं नव्हतं."

मागे पायरीवर दिगू तोंड उघडून बसला होता, आई घास भरवेल म्हणून.