मुक्ताच्या कानांनी

हणमंत कोष्टी वीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात वावरलेला. शाळेच्या घंटेला घाबरून आपली सहा वर्षांची मुक्ता कान झाकून बाकाखाली का शिरते, हे त्याला कधी उमगलंच नव्हतं.

पण आता नगरपालिकेचा नियम होता. नव्या शाळेत प्रवेश घेण्याआधी मूल आणि पालक, दोघांनी कपाळाला पट्टी लावून दहा मिनिटं वर्गात बसायचं. त्या पट्टीमुळे मुलाला जसं ऐकू येई, तसंच पालकालाही येई.

त्यांनी पाहिलेली पहिली शाळा नवीकोरी होती. पंखा सुरू झाला आणि कुणी डोक्यात करवत चालवावी तसं हणमंतला झालं. बाक सरकल्याबरोबर मुक्ताला उचलून तो बाहेर पळाला.

पायरीवर तिला कुशीत घेत तो म्हणाला, "मी उगाच रागवायचो गं तुला."

दुसरी शाळा जुनी, पत्र्याची. तिथल्या बागवान बाईंनी मात्र बाकांच्या पायांना चिंध्या बांधल्या होत्या. घंटेऐवजी त्या दिवा लावत. एका मुलीनं पाढा बिनचूक म्हटला, तेव्हा पोरांनी टाळ्या न वाजवता हात नुसतेच हवेत हलवले. नकळत हणमंतनंही हलवले.

"मग, काय ठरलं?" बाईंनी हळूच विचारलं.

"मुक्तालाच विचारतो," म्हणत तो वळला. मुक्ता केव्हाच त्या पाढेवाल्या मुलीशेजारी जाऊन बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "जाताना चपला वाजवू नका हं."

हणमंतनं चपला हातात घेतल्या आणि हसत अनवाणीच वर्गाबाहेर पडला.