गोमाजीचा करगा

"मांडीतली चीज छातीत जाईन कशी? मधात काय सडक हाये?" गोमाजीनं लोटा आपटला.

"रक्तातून जाते, मामाजी. डॉक्टरनं तुमच्या तोंडासमोर सांगतलं," तेजराम म्हणाला, आणि त्यानंही पुढ्यातली थाळी ढकलली.

मामा-भाच्याचं सकाळपासून हेच चाललं होतं. गोमाजीच्या मांडीत लिंबाएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून वर्षभर त्यानं ती धोतराखाली झाकून ठेवली. नागपूरच्या डॉक्टरनं तुकडा काढून पाहिला आणि कॅन्सर आहे म्हणाला. गाठीतले बारके दाणे सुटतात, रक्तात पडतात, वाहत वाहत फुप्फुसात जातात आणि तिथं रुजतात. छातीचा फोटो अजून साफ होता. म्हणूनच गाठ लवकर कापायची होती. आज दुपारच्या मोटरनं निघायचं ठरलं होतं. मामीनं, चंद्रभागाबाईनं, थैली भरून दाराशी ठेवली होती. पण गोमाजी खाटेवरून हलेना. धान निसवला आहे, कापणी झाल्यावर पाहू, म्हणत होता.

"सातवीत शाळा सोडली, अन् मले रक्त शिकवून राहिला," तो म्हणाला.

हे तेजरामला झोंबलं. राग तसाही त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. तो चप्पल न घालता बाहेर पडला आणि सरळ भय्याजीच्या घरी गेला.

आता, अख्ख्या कोंढा गावात गोमाजीचा एक नंबरचा वैरी म्हणजे भय्याजी. कारण करगा. करगा म्हणजे रानधान. पातं तेच, रंग तोच, धानात उभा राहिला तर कोणाच्या बापाला ओळखू येत नाही. आणि धान पिकायच्या आधीच आपले दाणे झाडून मोकळा. भय्याजीची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, वर, गोमाजीची चार बांध्या खाली. मागच्या साली गोमाजीच्या बांधीत करगा निघाला, तेव्हा तो भय्याजीच्या बांधीतून पाण्यासोबत वाहून आला म्हणत त्यानं पंच बसवले आणि तोंडाला फेस येईपर्यंत भांडला. दाणा कोणाचा, हे पाणी विचारत नाही, म्हणाला. मधल्या बांध्यांत धार असते, तिथं दाणा ठरत नाही. पाणी मंदावते तिथं बसते. शेवटी बोट नाचवून म्हणाला होता, "करगा झडायच्या आधी उपटाले पायजे. झडल्यावर काय वावर धुशीन?"

पंचांनी माना डोलावल्या. भय्याजीला गोमाजीच्या चिखलात वाकून आपल्या हातानं करगा उपटावा लागला. गोमाजी धुऱ्यावर, बांधावर, छत्री धरून उभा. तिकडे एक राहिला, तो पाहा अजून एक, असं उभ्या-उभ्या दाखवत होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

तेजरामनं भय्याजीला एवढंच सांगितलं की, मामाजी आता पलटले. वाहत्यातून काहीच जात नाही म्हणतात. मग ते असं कशावरून म्हणतात, तेही सांगितलं. भय्याजीचं दात कोरणं थांबलं. गाठ केवढी आहे, त्यानं विचारलं. मग म्हणाला, तू चाल पुढं, मी येतोच.

आला तो ओरडतच आला. त्याच्या आवाजानं शेजारपाजारचे अंगणात जमले.

"गोमाजी, वाहत्यातून काई जात नाई म्हणतेस म्हणे? मंग माहा करगा तुह्या बांधीत गेलाच नाई. चाल, छत्री मी आणली. आता तू वाक माह्या चिखलात."

"पाण्यातून जाते," गोमाजी म्हणाला.

"अन् रक्तातून?"

"रक्ताची गोष्ट अलग."

"अलग कायची? तेबी वाहतेच. मंदावते तिथं दाणा बसते, तूच शिकवलं पंचाइले. झडायच्या आधी उपटाले पायजे, तेबी तूच. बोल, जाते का नाई?"

गोमाजीनं चारही बाजूंनी पाहिलं. हो म्हटलं तर नागपूर. नाही म्हटलं तर भय्याजीचा चिखल, आणि धुऱ्यावर भय्याजी. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तेजराम खांबाआड हसू दाबत होता. मामीनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

गोमाजी उठला. थैली उचलली.

"जाते," तो गुरकावला. "पाण्यातूनबी जाते, रक्तातूनबी जाते. तुह्या चिखलात वाकण्यापरीस मांडी कापून घेईन."

आणि तरातरा बाहेर आला. दारात भय्याजीची बंडी जुंपून उभी होती. बंडीत हातभर तणस. तणसावर पाहुण्यांची गादी. गादीवर एक उशी, मांडीखाली घ्यायला.

गोमाजी थबकला.

"भांडाले येतानी बंडीत गादी कोन टाकते बे?"

भय्याजीनं छत्री उघडून त्याच्या हातात दिली आणि बैलांकडे पाहत म्हणाला, "बोलत नोको बसू. मोटर चुकन. आता निघा लागते."