रवंथ

भिकन वाळूजच्या कारखान्यात लागला, तेव्हापासून रोज संध्याकाळी घरी येऊन कुरकुरायचा. सुपरवायझर छळतो, मशीन अडतं, वर डबल शिफ्ट. त्याची माय सुगंधाबाई ऐकत ऐकत भाकरी वाढायची. तिसऱ्या वर्षी कुरकुर बंद झाली. नामांतराच्या बंदात बस मिळाली नाही, तेव्हा तो वाळूजहून हर्सूलपर्यंत चालत आला अन् चकार शब्द न काढता भिंतीकडं तोंड करून पडला. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, झोपा. आठ दिवस झोपला, तरी नजर विझलेलीच. "बरंय की, आता कटकट तरी करत नाहीत," सून म्हणाली. सुगंधाबाईचं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. "दमलेली मेंढी बसली तरी रवंथ करती, पोरी. रवंथ करायचं सोडलं, की ती दमलेली नसती, आजारी असती." तिनं रजा महिनाभर वाढवायला लावली अन् भिकनला मामाच्या कळपाकडं धाडलं. तिथं त्याला एकच काम होतं, आईनं टाकलेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजायचं. सतराव्या दिवशी ती डबा घेऊन माळावर गेली. पहिला घास घेताच भिकननं तोंड वाकडं केलं. "माय, भाजीत मीठ लई पडलंय. हे कोकरू डोळ्याला डोळा लागू देत नाय. अन् मामा तर सुपरवायझरच्या वरचढ हाय." सुगंधाबाईनं त्याच्या हलणाऱ्या जबड्याकडं डोळे भरून बघितलं अन् तीच भाजी आणखी वाढली.