दुपारी एकचा बिघाड

चार माणसांच्या त्या कंपनीचा उन्हावर चालणारा कॉम्प्युटर सोमवारी एका शाळेला दाखवायचा होता. पहिलीवहिली ऑर्डर त्यावरच ठरणार होती, आणि हा पठ्ठ्या रोज दुपारी बरोबर एकला मान टाकायचा. पावणेदोनला आपला आपण उठायचा, जणू काही झालंच नाही! बॅटरी न लावता नुसत्या उन्हावर चाचणी चालली होती खरी, पण बाहेर ऊन तर रणरणत होतं.

कंपनीच्या तरुण इंजिनीअर बाईने सगळ्या वायरी बदलल्या, प्रोग्रॅम तीनदा तपासला. कॉम्प्युटर बंद असला की हात चोळत बसण्यापेक्षा ती डबा खाऊन घेई, घरी फोन लावून तान्ह्या लेकीचे हुंकार ऐके. शुक्रवारी मात्र एकला पाच मिनिटं असताना ती पॅनेल तपासायला तरातरा गच्चीवर गेली.

कंपनीतले वायरमनकाका सोलर पॅनेलवर सतरंजी पसरत होते.

"काका, तुम्ही? अहो, आठवडाभर डोकं फोडतेय मी!"

काका जराही ओशाळले नाहीत. "कॉम्प्युटर चालू असताना कधी डबा उघडलायस? महिनाभर बघत होतो, भरलेला डबा तसाच घरी जायचा. पाजती आई तू, आणि उपाशी!"

"म्हणजे बिघाड काहीच नाही?"

"ठणठणीत आहे तो."

तिला हसू आवरेना. तरी ती दटावून म्हणाली, "थांबा, साहेबांनाच सांगते."

"खुशाल सांग, पण जेवून सांग," सतरंजीवर वीट ठेवत काका म्हणाले. "पावणेदोनपर्यंत सूर्य माझ्या ताब्यात आहे."