दक्षिणेला तोंड

कालिंदीबाईंना जाग आली तेव्हा कोपऱ्यात दिवा लागलेला होता.

देव्हाऱ्यातला नव्हे. तो वर, फळीवर असतो. हा खाली होता, फरशीवर. नवऱ्याला, तात्यांना, शेवटचं निजवलं होतं त्याच कोपऱ्यात. आणि त्याचं तोंड दक्षिणेला होतं.

त्या हलल्या नाहीत. आषाढ लागल्यापासून तशाही त्या फारशा हलत नव्हत्या. खिडकीतलं ऊन समोरच्या टॉवरने आधीच खाल्लं होतं, उरलंसुरलं ढगांनी नेलं. महिनाभर त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, कुणी बोललं तरी उत्तर देत नव्हत्या. आज मात्र नजर त्या कोपऱ्यावरून निघेना.

घरातलं माणूस गेलं की त्याच्या जागेवर दिवा ठेवतात, वात दक्षिणेकडे करून. खाली पीठ पसरतात. मग त्या पिठात पाऊल कशाचं उमटलं ते बघतात, म्हणजे गेलेल्याचा पुढचा जन्म कळतो. तात्यांच्या वेळी पाखराचा पाय निघाला होता.

त्यांनी मान जराशी उचलली. दिव्याखाली पांढरं काहीतरी पसरलेलं होतं.

कुणासाठी?

रात्री मुलगा, उन्मेष, इथंच बसून जेवला होता. सून ओटा पुसत होती. नात मोबाईलमध्ये बघून एकटीच हसत होती. सगळी धडधाकट. मग राहिलं कोण?

त्यांनी आपला एक हात दुसऱ्या हाताने चाचपला. गार लागला. छातीवर ठेवला, खाली काही हलतंय की नाही, ते कळेना. चहाचा वास नव्हता. कुकर नव्हता. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही.

बाहेर गॅलरीत बायका हळू आवाजात बोलत होत्या. शेजारच्या रमाबाईचा आवाज त्यांनी ओळखला.

“काय बाई होती गो कालिंदी! मंगळागौरीला रात्रभर खेळायची, आम्ही तरण्या दमायचो.”

“घर कसं भरलेलं वाटायचं त्यांच्या बोलण्याने,” नम्रता म्हणाली. म्हणजे सूनच. “आता आत पाऊल टाकावंसं वाटत नाही.”

“उन्मेष कसा आहे?”

“रात्र रात्र जागे असतात.”

कालिंदीबाईंच्या अंगावर काटा आला. मेलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो का? त्यांनी सगळा जीव घशात आणून हाक मारली, “नम्रता!”

बाहेर बादल्या वाजल्या. पावलं जिन्याकडे गेली. ओ आली नाही.

पुन्हा हाक मारायचा धीर होईना. पहिली ऐकू गेली नसेल, असं म्हणता येत होतं. दुसरीलाही ओ आली नाही तर?

भिंतीचा आधार घेत त्या खाटेवरून उतरल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या. कसला दिवा हा! तेलाचा वास नाही, ऊब नाही, वाऱ्याने जरा म्हणून हलत नाही. ताटाएवढा पांढरा उजेड नुसता टक लावून बघत होता. खालची भुकटी सपाट होती. अजून कशाचंच पाऊल उमटलं नव्हतं.

त्यांनी उजवा पाय उचलला. तो तसाच अधांतरी राहिला. टेकवला आणि काही उमटलंच नाही तर?

डोळे मिटून त्यांनी पाय टेकवला. उचलला.

मग डोळे उघडले. अंगठा. जोडव्यांनी कायमची वाकडी झालेली त्याच्या शेजारची बोटं. टाचेची आडवी भेग. पाखराचं नाही. बाईमाणसाचं.

“आजी! पाय काढ आधी, ते झुरळांचं औषध आहे!” नात मनवा कळशी घेऊन दारात उभी होती. “आणि तू उठलीस कशी?”

“हा दिवा कुणी लावला?”

मनवाने कळशी खाली ठेवली ती अर्धी सांडली. महिन्याभरात आजीने काही विचारलं नव्हतं.

“तुझाच आहे तो, आजी. डॉक्टरांनी आणायला सांगितला. पावसाळ्यात ऊन नसलं की काही म्हाताऱ्या माणसांचं मन असं मिटून जातं म्हणे. अशांनी रोज सकाळी याच्यासमोर बसायचं. बाबांनी चालतो का ते बघायला लावला आणि ते खाली रांगेत बादल्या लावायला गेले. मग नळाला पाणी आलं. सगळे पळालो.”

“त्या कोपऱ्यात?”

“मग? प्लग तिथेच आहे ना.”

“फिरव तो. माझ्याकडे कर.”

मनवाने दिवा फिरवला. उजेड एकदम तोंडावर आला. कालिंदीबाईंनी डोळे बारीक केले, पण मान वळवली नाही.

“आणि उद्यापासून आधी मला हाक मारायची,” त्या म्हणाल्या. “मी ओ दिली की मग लावायचा. त्याआधी नाही.”

नम्रता भरलेली बादली घेऊन आत आली, सासूला उभी बघून दारातच थबकली. मग भुकटीने माखलेला पाय दिसला तशी ओला फडका घेऊन धावली.

“आई, बसा बघू. पाय द्या इकडे. फरशीही पुसून घेते.”

“पाय पूस,” कालिंदीबाई म्हणाल्या. “फरशी राहू दे. आधी रमाबाईला आत बोलाव. तिला बघू दे, पाऊल कुणाचं आहे ते.”