होडीसाठी जीप

डॉक्टरांची मोटार होडीला जोडली, तशी मोटारच मागून खाली बसली आणि क्लच जळाल्याचा वास सुटला. मोतीराम मास्तरांनी दोर सोडला. तीन वर्षं खपून अंगणात बांधलेली शिडाची होडी दोन चाकांच्या गाड्यावर तयार होती. आज तिला सिन्नरहून थेट गंगापूर धरणावर न्यायचं होतं.

"ट्रॅक्टर जोडा," शेजारचे सहादू म्हणाले.

"हादऱ्यांनी फळ्या सुटतील."

"मग बैल?"

"पोचेपर्यंत मी रिटायर होईन!"

शेवटी पुंजाची जीप ठरली. पुंजा रोज सिन्नर-नाशिक शिटा भरायचा. मोहदरीचा घाट जीपला तोंडपाठ. मास्तरांची अट एकच. होडीचं ओझं आहे, तेव्हा आज एकही माणूस घ्यायचा नाही.

"आईशप्पथ, जीपमधी एक बी शीट घेणार नाय," पुंजा म्हणाला.

मास्तर ऐटीत पुढं बसले. मागं शिडाचं कापड आणि वल्ही छतापर्यंत रचलेली, त्यामुळं पाठीमागचं काही दिसत नव्हतं. पुंजा दर फाट्याला थांबे. "गाड्याच्या चाकांची हवा बघून येतो," म्हणे. मास्तरांना त्याचं फार कौतुक वाटलं. घाट उतरताना मागून कुणीतरी "हळू रे!" म्हणाल्यासारखं वाटलं, पण वारा असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

नाशिकला द्वारकेच्या नाक्यावर ते खाली उतरले, आणि बघतच राहिले. होडीत अकरा माणसं बसली होती, कांद्याची दोन पोती होती, आणि पुढच्या टोकाला शेळी बांधलेली होती.

"पुंजा! काय ठरलं होतं आपलं?"

"जीपमधी कुठं घेतली, मास्तर?"

मास्तरांचं डोकंच फिरलं. सगळ्यांना खाली उतरवून ते गाड्याखाली शिरले. एकेक जोड बोटांनी चाचपून पाहिला. दोन माणसांच्या हिशेबानं बांधलेली होडी, पण एक फळी हलली नव्हती. बाहेर आले तेव्हा त्यांना ओरडायचं काय होतं तेच आठवेना.

माणसं पांगली होती. शेळीवाली तानुबाई तेवढी थांबली होती. तिनं होडीच्या काठावरून हात फिरवला.

"लय ऐसपैस झालीय, मास्तर. धक्का म्हणून लागला नाय. आता ही पाण्यात घालून कशाला नासवता?"