चौथी ओळ

"अडाणी माणसाचं हे काम नव्हे, फौजदारसाहेब," गुंडोपंत मास्तर म्हणाले.

सोलापुरात लष्करी कायदा लागला होता. रस्त्यांवर गोऱ्या सोल्जरांच्या बुटांखेरीज आवाज नव्हता. गिरणीच्या भिंतीवर कुणीतरी एक कविता चिकटवली आणि तिथेच मागावर काम करणाऱ्या सिद्धाप्पाला पोलिसांनी उचललं. का, तर तो भजनं रचायचा. सकाळीच त्याची बायको शरणम्मा मास्तरांच्या दारात येऊन बसली. "त्येंनी लिवलेलं न्हाय, एवढं सांगा की. तुमचं तरी ऐकतील." मास्तरांना नाही म्हणवेना. तिला बाहेर बसवून चौकीची पायरी चढताना मात्र त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

हिंदुराव फौजदारांनी फाटका कागद पुढे सरकवला. मास्तर तो पहिल्यांदाच पाहत होते. शेवटची ओळ फाटून गेली होती.

उठा रे उठा रे पहाटे निघाया
नका वाट पाहू दिवा पेटवाया
जुनी साखळीची कडी तोडताना

मास्तरांच्या बोटांनी टेबलावर ठेका धरला. "भुजंगप्रयात! लघु, गुरू, गुरू. एक अक्षर ढळलेलं नाही. 'निघाया'ला 'पेटवाया'चं यमक. सिद्धाप्पा चालीवर शब्द ओढूनताणून बसवतो. त्याला गण कुठले ठाऊक?"

बोलता बोलता भीती पळाली. आपण वर्गात उभे आहोत असंच त्यांना वाटू लागलं.

"लई बांधीव काम म्हनायचं," फौजदार कौतुकानं म्हणाले. "मग फाटलेली ओळ बी सांगता यील?"

"का नाही? पहिल्या ओळीतली हाक शेवटी परत यायला हवी. यमक 'ताना'चं. आणि वेळ पहाटेची." मास्तरांनी डोळे मिटले. "उठा रे उठा रे दिशा फाकताना."

फौजदारांनी खण उघडून दुसरा कागद काढला. तो अख्खा होता. त्यांनी त्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"अक्षर न् अक्षर तेच."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" मास्तर खुलले.

"व्हय, पटलं." फौजदारांनी दाराकडे तोंड करून हाक दिली, "हवालदार, सिद्धाप्पाला सोडा."

बाहेर शरणम्माचा हुंदका ऐकू आला. मास्तरांनी समाधानानं टोपी सारखी केली आणि ते उठले.

"तुमी कुटं निघालात, मास्तर?" फौजदार म्हणाले. "बसा. कोठडी आत्ताच मोकळी झाली."